अनुभव धागा : कापडावरचे रंग तुम्हाला कुठे भेटतात?

गोधडी, विणकाम, भरतकाम, छपाई, घरच्या घरी कापड रंगवणं, यातलं काहीही करणाऱ्या ठाणे-नवी मुंबईकरांसाठी हा धागा. शेड कार्ड आणि मोबाइलवरचे तयार रंगमेळ बाजूला ठेवू. रोजच्या जाण्यायेण्यात रंग कुठे सापडला आणि पुढे कापडावर त्याचं काय झालं, ते लिहा.

सुरुवात मी करते. मी गोधड्या शिवते. जांभळी नाक्याच्या फुलबाजारात सकाळी नजर आधी झेंडूच्या ढिगावर जाते. मला मात्र रंगमेळ मिळाला तो ढिगाच्या कडेला : खाली ओलं गोणपाट, वर केशरी आणि मध्येच सांडलेली दोन-चार जांभळी अॅस्टर. घरी आल्या आल्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर दोरे गुंडाळले. केशरी भरपूर, गोणपाटाचा तपकिरी त्याच्या निम्मा, जांभळ्याचे जेमतेम दोन वेढे. रंग लक्षात राहतो, त्याचं प्रमाण राहत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून पट्टी त्याच दिवशी करायची. त्या पट्टीवरून शिवलेल्या गोधडीत जांभळ्या कापडाच्या मोजक्याच चिंध्या लागल्या आणि सगळ्यांचा हात आधी तिथेच जातो.

ऐरोलीहून

मी हातमागावर दुपट्टे विणते. आमच्याकडे रंग म्हटलं की रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. ठाणे खाडीचा हा भाग 2015 मध्ये रोहित अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आला, तेव्हापासून पाहुणे आले की त्यांना बोटीतून दाखवायला नेतेच. फोटोंत सगळं गुलाबी दिसतं. बोटीतून बघा, गुलाबी फार थोडा असतो. ओहोटीचा चिखल करडा, त्यावर पाण्याची चकाकी, मागे खारफुटीचा काळपट हिरवा आणि त्यात फिकट गुलाबी ठिपके. पक्षी उडाला की पंखातला गडद गुलाबी आणि काळा एकदम उघडतो, बसला की झाकला जातो. पिल्लं तर करडीच असतात, गुलाबी नंतर खाण्यातून येतो, शेवाळातल्या रंगद्रव्यांमुळे.

मी ताण्याला (उभ्या धाग्यांना) चिखलाचा करडा घेतला, बाण्यालाही (आडव्या धाग्यांना) बराचसा तोच. गुलाबी फक्त पदराकडे, आणि गडद गुलाबी घडीच्या आत, म्हणजे दुपट्टा उलगडल्यावरच दिसेल असा. नुसत्या गुलाबी सुताचा केला असता तर त्यात खाडी दिसली नसती.

तलावपाळीजवळून

आमच्या सोसायटीत सणासुदीला हारांचे ढीग निघतात. ते झेंडू मी वाळवून ठेवते. ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी कृती : सुती कापड आधी धुण्याचा सोडा घालून चांगलं उकळून घ्या, नाहीतर खळ रंग धरू देत नाही. मग हिरड्याच्या पाण्यात भिजवा, वाळवा, आणि कापडाच्या वजनाच्या साधारण 15 टक्के तुरटी विरघळवून त्यात बुडवून ठेवा. पाकळ्या वेगळ्या मंद उकळून, गाळून, त्या पाण्यात कापड. उबदार पिवळा येतो. तेच कापड लोखंड भिजवून ठेवलेल्या पाण्यात क्षणभर बुडवलं की डोळ्यांदेखत काळपट हिरव्याकडे वळतं, अगदी पावसाळ्यातल्या तलावाच्या पायऱ्यांवरच्या शेवाळासारखं. एकाच हारातून हे दोन रंग निघतात आणि ते एकमेकांशेजारी कधीच भांडत नाहीत.

हळदीबद्दल कोणी विचारेल म्हणून आधीच सांगते. दिसते सुंदर, पण उन्हात उडते आणि साबण लागला की लाल होते. विकायच्या कापडाला वापरू नका.

वर्तकनगरहून

माझे वडील लोकरीच्या गिरणीत रंगखात्यात होते. त्यांची एक सवय मी शिवणकामात उचलली : दोन रंग जुळले की नाही ते ट्यूबलाइटखाली ठरवायचं नाही. दिव्यात अगदी एक दिसणारे दोन काळे उन्हात नेले की एक तांबूस निघतो, एक हिरवट. मी अस्तर घेताना कापड हातात धरून दुकानाबाहेर रस्त्यावर येतो. दुकानदारांना आता माहीत आहे.

दिवाळे गावाहून

मी कोळ्यांची लेक, आरीचं, म्हणजे आकडीच्या सुईचं, भरतकाम करते. आमच्याकडे सुकत घातलेली मांदेली बघायला या. लोक तिला सोनेरी म्हणून मोकळे होतात. जवळून बघा : पोटाला पिवळट सोनं, पाठीला पुसट हिरवट, डोळ्याभोवती चांदी. बोंबील ताजा असताना दुधाळ गुलाबी, आरपार दिसेलसा, आणि बांबूवर सुकला की ताकदीचा पिवळट तपकिरी. हे सगळं आयच्या हिरव्या लुगड्यासमोर! मी मांदेली भरली तेव्हा जरीचा दोरा अजिबात घेतला नाही, तीन पिवळे रेशमी दोरे एकत्र ओवले. जरीने चमक आली असती, मासा आला नसता.

कोपरखैरण्याहून

थोडक्यात लिहिते. ठाणे-वाशी लोकल, लेडीज डबा, सकाळची गर्दी. खांद्याला खांदा लावून उभ्या ओढण्या. कोणी ठरवून लावणार नाही अशा जोड्या तिथे मिळतात. मोरपंखी आणि विटकरी मला तिथेच मिळाली.

एक प्रश्न आहे. निळ्या-जांभळ्या तुकड्यांमध्ये माझा काळा धावदोरा मळकट का दिसतो? तोच दोरा पांढऱ्यावर कुळकुळीत दिसतो.

धागाकर्ती

तुमचा दोरा चांगलाच आहे, हा शेजाऱ्याचा परिणाम. पॅरिसच्या गोब्लँ या भिंतीवर लावायची चित्रं विणणाऱ्या कारखान्यात 1824 पासून रंगखात्याचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांच्याकडे नेमकी हीच तक्रार आली होती, की निळ्या-जांभळ्यातला काळा फिका पडतो. त्यांनी काळी लोकर तपासली, तिच्यात काही कमी नव्हतं. निळ्याकडे बघताना डोळा शेजारच्या काळ्यावर नारिंगी झाक चढवतो. त्यावर त्यांनी 1839 मध्ये अख्खा ग्रंथ काढला. तुम्ही काळ्याऐवजी अगदी गडद निळा दोरा घेऊन बघा, जास्त काळा दिसेल.

घोडबंदर रोडहून

येऊरचा पळस राहिला की! फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. केशरीकडे सगळे बघतात, तुम्ही पाकळ्यांच्या बुडाशी असलेला मखमली काळपट निदलपुंज, म्हणजे फुलाला धरणारी वाटी, बघा. छपाईत मी तो गडद रंग आधी उमटवतो आणि केशरी नंतर, म्हणजे केशरी पेटतो. फुलं मात्र तिथून वेचू नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे.

ताई, तुमच्या पट्टीला पुठ्ठा कुठल्या रंगाचा घेता?

धागाकर्ती

करडा घेते दादा. पांढऱ्यावर फिके रंग मळके वाटतात. जुन्या वहीच्या पाठीमागचा पुठ्ठा चालतो, कडेला खाचा पाडल्या की दोरा सरकत नाही. मागच्या बाजूला तारीख आणि जागा लिहून ठेवा.