मदत हवी आहे: आजोबांच्या ओमेगावरचा नंबर आणि मामांची गोष्ट जुळत नाही

धंतोलीकर:

नमस्कार मंडळी. जुन्या घड्याळांतले जाणकार इथे बरेच दिसतात, म्हणून धागा काढतेय.

आईच्या वडिलांचं चावीचं ओमेगा आता माझ्याकडे आलंय. स्टीलची केस, सहाच्या जागी छोटा सेकंदकाटा, डायलवर तपकिरी ठिपके. चावी दिली की चालतं, पण दिवसाकाठी बरंच मागे पडतं.

मोठ्या मामांच्या म्हणण्यानुसार १९४६ साली आजोबांचे इंग्रज साहेब विलायतेला परत निघाले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातातलं हे घड्याळ काढून आजोबांना दिलं. आजोबा नागपूरच्या सेक्रेटरिएटमध्ये होते हे नक्की. ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक लग्नकार्यात किमान एकदा होते.

सर्व्हिसिंगचं विचारायला बर्डीवर एका घड्याळजींकडे गेले. त्यांनी मागचं झाकण उघडलं तेव्हा मी फोटो काढले. मशीनवर आठ आकडी नंबर आहे, १२४ ने सुरू होणारा. पूर्ण नंबर मुद्दाम देत नाही. नेटवर ओमेगाचे तक्ते मिळतात, त्यात १ कोटी हा आकडा १९४४ ला, १ कोटी २० लाख १९५० ला आणि १ कोटी ३० लाख १९५२ ला दाखवलाय. म्हणजे माझं १९५०-५१ चं. मग १९४६ चे साहेब कुठे बसवायचे? झाकणाच्या आतल्या बाजूला वेगळाच चार आकडी नंबर आहे, पुढे डॅश देऊन आणखी एक आकडा. वर्ष त्यावरून काढायचं असतं का?

बाहेरून झाकणावर इंग्रजीत आजोबांची आद्याक्षरं आणि खाली ‘सेक्रेटरिएट, नागपूर, एम.पी.’ असं कोरलंय. तारीख नाही. मावसभाऊ म्हणतो नागपूरपुढे एम.पी. कसं असेल, झाकण दुसऱ्याच कुणाच्या घड्याळाचं लागलंय.

एका जुन्या घड्याळांच्या व्यापाऱ्याला फोटो पाठवून सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, ‘मशीन बदललेलं आहे, मिक्स पीस, फार किंमत नाही.’ दुसरा म्हणतो या मॉडेलचे जगात फक्त तीन हजार नग बनले, डायल नवीन करून घ्या, मग बघा भाव. दोघांपैकी खरं कोण? विकायचं नाहीये, पण मामा ८४ वर्षांचे आहेत आणि उत्तर मागतायत.

जाता जाता, बाबांचा सीको फाइव्ह आणि एचएमटी जनता पण आहे. सीकोच्या पाठीवर ६३०९ आणि खाली २एन ने सुरू होणारा नंबर आहे. त्यांचं वर्ष कळेल का?

टिकटिक:

ताई, आधी दोन नंबर वेगळे करू, निम्मा गोंधळ तिथेच असतो. झाकणाच्या आतला चार आकडी नंबर केसचा मॉडेल नंबर आहे. त्या केसमध्ये कोणतं मशीन असायला हवं ते त्यावरून ताडून पाहता येतं. वर्षासाठी पाहायचा तो मशीनवरचा आठ आकडी, तोच सिरीयल.

आता मुद्दा असा की ओमेगाचा हा सिरीयल मशीनवर असतो. मशीन दुसऱ्या केसमध्ये गेलं की नंबरही सोबत जातो. त्यामुळे तुमचा तक्ता मशीनचं वय सांगतो. केस, डायल, काटे यांचं वय वेगळं तपासावं लागतं.

शिवाय नंबर गठ्ठ्याने दिले जायचे. एका जातीच्या मशीनसाठी एक गठ्ठा राखून ठेवायचे, दुसऱ्या जातीसाठी पुढचा, आणि दोन्हींचं काम शेजारीशेजारी चालायचं. म्हणून तक्त्यातलं साल एखाददोन वर्षं इकडेतिकडे धरायचं. मशीन तयार झालं की केसमध्ये बसणार, मग बोटीने मुंबई, मग दुकानातल्या काचेखाली किती महिने पडून राहील ते त्याचं नशीब. विक्रीचं साल नंबरच्या सालापेक्षा पुढे जाऊ शकतं. मागे जाऊ शकत नाही. त्यामुळे १२४ वाला नंबर १९४६ मध्ये कुणाच्याही हातावर असणं शक्य नाही, साहेब असो की चपराशी.

तरी एक पडताळा घ्या. मशीनवर सिरीयलशिवाय जात लिहिलेली असते. तुमच्या वर्णनावरून हे ३० मिलिमीटर कुटुंबातलं मशीन वाटतंय. १९३९ मध्ये आलं, १९६३ पर्यंत बनत होतं, तांबूस रंगाचं, घड्याळजींचं लाडकं. त्याच्यावर ‘३०टी२’ लिहिलंय की २६५ सारखा तीन आकडी नंबर, ते पाहून सांगा. ओमेगाने जातींची नावं साधारण १९४९-५० ला बदलली, आधी ३०टी२ सारखी आणि नंतर तीन आकडी. म्हणजे सिरीयलला बाजूला ठेवूनही साल ताडता येतं.

आणि पहिल्या व्यापाऱ्याचं सांगू का? तुम्ही त्याला १९४६ ची हकीकत सांगितलीत. त्याने नंबर पाहिला, जुळला नाही, म्हणून मशीन बदललं म्हणाला. त्याचा पुरावा म्हणजे तुमच्या मामांची गोष्ट!

कामठीरोड:

ताई, बाकी काई करा पण डायल नवीन करू देऊ नका. माह्या काकाचं फेवर-लुबा होतं, एका दुकानात देल्लं, वापस आलं त त्याच्यावरचं नावच तिरपं. काटे चकचकीत, आकडे जाडेजाडे, पोराच्या खेळण्यातल्यासारखं दिसून राहिलं होतं. जुनं डायल कुठंय म्हनलं त म्हने त्याच्यावरच रंगवलं. आता काय बोलता! ठिपके राहू द्या, ठिपक्यानं काई बिघडत नाई.

रोलेक्सप्रेमी:

सिरीयल नेहमी लगांच्या, म्हणजे पट्टा अडकवायच्या केसच्या शिंगांच्या मध्ये असतो, सहाच्या बाजूला. पट्टा काढून बघा. मशीनवरचा नंबर ग्राह्य धरू नये.

टिकटिक:

@रोलेक्सप्रेमी, ते रोलेक्सचं झालं. तिथे सहाच्या बाजूला सिरीयल आणि बाराच्या बाजूला मॉडेल नंबर. आणि तिथेही तक्ता डोळे मिटून वापरता येत नाही. १९५३-५४ च्या सुमारास त्यांचे आकडे दहा लाखांच्या तोंडाशी आले आणि मोजणी परत खालून सुरू झाली, त्यामुळे एकच आकडा दोन काळांत सापडू शकतो. म्हणून पन्नाशी-साठीच्या रोलेक्सला झाकणाच्या आतला तिमाही आणि सालाचा शिक्का पाहतात. १९८७ पासून नंबरापुढे अक्षर आलं, २०१० पासून तर क्रमच उरला नाही. प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. बुलोवाच्या पाठीवर एम ५ असेल तर सरळ १९६५. एम म्हणजे साठचं दशक, एन म्हणजे सत्तरचं.

जुना_नागपूरकर:

घड्याळातलं मला काही कळत नाही, पण ‘एम.पी.’ वाचून राहवलं नाही. मावसभावाला सांगा, झाकण तुमच्याच आजोबांचं आहे. २६ जानेवारी १९५० ला सी.पी. अँड बेरारचं मध्य प्रदेश झालं आणि राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला. म्हणजे ‘सेक्रेटरिएट, नागपूर, एम.पी.’ हा पत्ता जेमतेम पावणेसात वर्षं अस्तित्वात होता. १९४६ चं कोरीवकाम असतं तर ‘सी.पी. अँड बेरार’ असतं.

सिव्हिल लाइन्समधली जुन्या सचिवालयाची इमारत अजून उभी आहे. माझे वडील तिथेच होते. फेररचनेच्या वेळी कोण भोपाळला, कोण मुंबईला, कोण इथेच, यावरून घराघरांत रडारड झाली होती. तुमचे आजोबा कुठे गेले?

धंतोलीकर:

@जुना_नागपूरकर, अहो, हे आमच्या घरात एकालाही सुचलं नाही! आजोबा इथेच राहिले. मावसभावाला फोन केला, त्याने ‘हो का’ म्हणून विषय बदलला.

@टिकटिक, आज परत जाऊन भिंगातून पाहिलं. मशीन तांबूसच आहे. २६५ लिहिलंय आणि १५ ज्वेल्स. ३०टी२ कुठेही नाही. घड्याळजींनी झाकणाच्या आत सुईने ओरखडल्यासारखी बारीक अक्षरं दाखवली. एक इंग्रजी अक्षर आणि ३-५४. त्याखाली आणखी दोन ओरखडे आहेत, पण पुसट. ते म्हणाले पूर्वीचे कारागीर दुरुस्ती केली की अशी खूण करून ठेवायचे.

पण ‘तीन हजार नग’ याचं काय? दुसरा व्यापारी रोज मेसेज करतोय.

टिकटिक:

झालं की मग! मशीनचा नंबर १९५०-५१, मशीनची जात १९४९-५० च्या नंतरची, बाहेरचं कोरीवकाम १९५० ते ५६ मधलं, आणि मार्च ५४ ला घड्याळ कुणाच्या तरी टेबलावर दुरुस्तीला. चारही गोष्टी एकमेकींना धरून आहेत. मिक्स पीसमध्ये हे असं जुळत नाही. झाकणातला मॉडेल नंबर २६५ शी जुळतो का तेवढं मला खाजगी निरोपात पाठवा, पाहून सांगतो.

तीन हजार नग ही थाप आहे. ३० मिलिमीटर कुटुंबाची मशीनं सगळी मिळून तीसेक लाख बनली. त्यातली एका विशिष्ट केसमध्ये आणि विशिष्ट डायलसोबत किती गेली, हे सिरीयलवरून काढता येत नाही. कारण ओमेगाच्या सगळ्या मशीनांना नंबर एकाच रांगेतून मिळायचे. बायकांची छोटी, ऑटोमॅटिक, चावीची, सगळी त्याच रांगेत. १ कोटी २० लाखापासून १ कोटी ३० लाखापर्यंतचे दहा लाख नंबर म्हणजे तुमच्या मॉडेलचे दहा लाख नग नव्हेत, आणि तीन हजारही नव्हेत. लोक दोन घड्याळांचे नंबर घेऊन वजाबाकी करतात आणि उत्तराला ‘प्रॉडक्शन’ म्हणून जाहिरातीत टाकतात. पुढे तोच आकडा दुसरा उचलतो, आणि चार जाहिरातींत दिसला की तो पुरावा होतो.

नगांचा आकडा खरोखर विश्वासाने सांगता येतो तो मुख्यतः सरकारी खरेदीचा, कारण तिथे कंत्राट असतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश संरक्षण खात्याने ओमेगाकडून १ लाख १० हजारांवर घड्याळं घेतली, ते असं ठाऊक आहे. तुमचं घड्याळ दुर्मीळ नाही. चांगलं आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला विचाराल तर दुसरी जास्त उपयोगाची, कारण सुटे भाग अजून मिळतात.

सर्व्हिसिंग जरूर करा. मागे पडतंय ते बहुतेक तेल वाळल्यामुळे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुसरं काय होणार! घड्याळजींना तीन गोष्टी बजावून सांगा. केसला पॉलिश नको, कोरलेली अक्षरं आधीच उथळ असतील, चाकावर धरलं की गेलीच. डायल पुसायचंसुद्धा नाही. आणि काही बदललं तर जुना भाग पुडीत बांधून परत हवा. डायलवाल्या मेसेजला उत्तर देऊ नका.

सीको सोपा आहे. पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा, दुसरं घर महिन्याचं. एक ते नऊ आकडे, मग ऑक्टोबरला ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. दशक मात्र मशीनवरून ठरवायचं. ६३०९ हे १९७६ ते ८८ या काळातलं, त्यात २ ने संपणारं साल एकच. तुमच्या बाबांचं घड्याळ नोव्हेंबर १९८२ चं. तोच आकडा ६, ७ किंवा ८ असता तर दोन उमेदवार उभे राहिले असते.

जनताच्या नंबरात असं सालाचं घर नाही. एचएमटीचा बंगळूरचा कारखाना सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये सुरू झाला, आणि घड्याळांचा धंदा बंद करायला सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली. या मधल्या एवढ्या मोठ्या पट्ट्यात डायलवरची अक्षरं, केसची घडण आणि मशीन पाहून अंदाज बांधावा लागतो. दुकानाची पावती किंवा गॅरंटी कार्ड सापडलं तर त्यासारखं काही नाही. बाबांच्या कागदांची फाइल चाळा. आणि रंगीबेरंगी डायलचा ‘कोरा जनता’ कुणी दाखवला तर लांब राहा, तो बहुतेक रंगवलेलाच असतो.

धंतोलीकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. मॉडेल नंबर निरोपात पाठवलाय. सीकोचं ऐकून आई म्हणाली, बरोबर, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीच्या पुढेमागे घेतला होता.

मामांना सगळं समजावून सांगितलं. ३-५४ ऐकून ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, ‘म्हणजे हे ते नव्हेच. साहेबाचं घड्याळ वेगळं असणार. महाल भागातल्या घराचं लोखंडी कपाट उघडा.’ आता रविवारी दोघी मावश्या तिकडे जमणार आहेत.

कामठीरोड:

मामा हार नाई मानत! भेटलं त फोटो टाकजा.

टिकटिक:

कपाट जरूर उघडा. सापडलं आणि ओमेगाच असलं, तर मशीनवरचा नंबर १० ने सुरू होणारा आठ आकडी किंवा त्याहून जुना सात आकडी असायला हवा. ११ ने सुरू होत असेल तर ते १९४७ च्या पुढचं, म्हणजे मामा पुन्हा अडचणीत. २६५ नव्हे, ३०टी२ शोधा. साहेब फौजेतून आलेले असतील तर झाकणावर बाणासारखी खूण असू शकते, ब्रिटिश सरकारी मालाची. तशी दिसली तर झाकण घरी उघडायचा प्रयत्न करू नका, आणि त्या दुसऱ्या व्यापाऱ्याला अजिबात कळू देऊ नका.