रत्नागिरीतला फ्लॅट दोघांच्या नावावर, मी माहेरी मातीच्या घरात, घरकुल मिळेल का?

सुरंगी:
नमस्कार, जरा मोठं लिहितेय पण वाचा प्लीज. मी मालवण तालुक्यातली, लग्न होऊन रत्नागिरीला गेले. २०१८ ला तिकडे वन बीएचके घेतला, फ्लॅट दोघांच्या नावावर आणि लोन पण दोघांच्या नावावर. माझं नाव घातलं ते काही प्रेमाने नाही हां, बिल्डरच्या ऑफिसातल्या माणसाने सांगितलं की बाईचं नाव असेल तरच पंतप्रधान आवासची सबसिडी बसते, म्हणून घातलं. आता दोन वर्षं झाली मी आणि मुलगी माहेरी आहोत. घटस्फोट नाही, कोर्टात काही नाही, नुसते वेगळे राहतोय. फ्लॅटचं कुलूप त्यांनी बदललंय, हप्ता तेच भरतात पण कधी भरतात कधी नाही आणि चुकला की बँकेचा मेसेज मात्र मला.

इकडे चिऱ्याचं मोठं घर वाटणीत काकांकडे गेलं. आई, मी आणि मुलगी मागच्या मातीच्या घरात राहतो, वर हाताने थापलेले जुने नळे म्हणजे गावठी कौलं, मिरग लागला की आतच टोपं ठेवायची. भाऊ मुंबईला. घरकुलाचा सर्व्हे चालू होता तेव्हा मी नाव द्यायला गेले तर ग्रामसेवक म्हणाले बाई तुमच्या नावावर रत्नागिरीत पक्कं घर आहे, तुम्ही बसत नाही. हे नवऱ्याच्या कानावर गेलं तर तो म्हणतो, हक्कसोडपत्र करून दे, मग तुझ्या नावावर काही राहणार नाही, घे घरकुल खुशाल. पुढच्या आठवड्यात रजिस्ट्रार ऑफिसला बोलावलंय. सही केली तर मिळेल का घरकुल?

भाई_७७:
सिंपल आहे ताई. नाव आहे म्हणून अडलंय ना, मग नाव काढून टाका. असं पण त्या फ्लॅटचा तुम्हाला उपयोग काय, चावी तर त्यांच्याकडे. हक्कसोडपत्राची झेरॉक्स अर्जाला जोडायची, काम खलास. उगाच कोर्टकचेरीत जिंदगी घालवू नका.

आक्का_तारकर्ली:
गे बाय, ह्या भाईचा ऐकू नको. आखो फ्लॅट सोडून सव्वा लाखाचा घरकुल घेतलंस? आणि ता तरी गावतला की नाय कोणाक म्हायत! घोवाक इतकी घाई कित्याक असा ता आधी इचार. दोन वर्सां तुझी आठवण नाय आणि आता एकदम तुझ्या घरकुलाची काळजी? सांग त्येका, वकिलाक इचारतंय मगे सांगतंय. पुढच्या आठवड्यात पोटात दुखता म्हणान सांग आणि घराकच रव.

माजी_ऑपरेटर:
मी काही वर्षं पंचायत समितीत घरकुलाच्या टेबलाला कंत्राटी होतो, त्यामुळे जरा स्पष्ट लिहितो. भाईंनी सांगितलेलं चुकीचं आहे.

ताई, ती सबसिडी म्हणजे शहरी आवासची व्याज सबसिडी. कमी उत्पन्न गटाला ६ लाखापर्यंतच्या लोनवर ६.५ टक्के, जास्तीत जास्त २.६७ लाख, रोख हातात नाही यायची, लोन खात्यात जमा होऊन मुद्दल कमी व्हायचं. त्याला घरातल्या बाईचं नाव लागायचंच, बिल्डरचा माणूस खोटं बोलला नाही. मार्च २०२२ ला बंद झाली ती. आता मुख्य प्रश्न असा की तुमच्या खात्यात ती आली होती का? लोनचं स्टेटमेंट काढून बघा. आली असेल तर तुमच्या कुटुंबाने घराचा सरकारी लाभ एकदा घेतलाय असं झालं आणि हक्कसोड करून फ्लॅट गेला तरी घेतलेला लाभ पुसला जात नाही. म्हणजे फ्लॅट पण नाही आणि घरकुल पण नाही. उद्या मालवण शहरात जागा घेऊन शहरी योजनेत अर्ज करीन म्हणालात तरी तेच, १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या नवीन शहरी आवासमध्ये मागच्या २० वर्षांत कुठल्याही सरकारी योजनेतून घराचा लाभ घेतलेला चालत नाही. तिकडे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं, आणि त्यातल्या कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. घटस्फोट झालेला नाही तोवर तुम्ही कागदावर त्याच कुटुंबात.

पण मला सांगा, अर्ज तुमच्याच नावाने कशाला? त्या घरात राहतं कोण, तर आई. आईच्या नावावर घर आहे का कुठे? आणि वडील?

सुरंगी:
वडील २०१५ ला गेले. आईच्या नावावर काहीच नाही, काकांनी वाटणी केली तेव्हा त्या मातीच्या घराची घरपट्टी आईच्या नावाने चालू केली तेवढंच. स्टेटमेंट आत्ता मोबाइलवर काढून बघितलं, २०१९ च्या मार्चला दोन लाखाच्या वर एक एंट्री आहे, पुढे सबसिडी असंच लिहिलंय. मला आठवतं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते.

माजी_ऑपरेटर:
मग तुमचा विषय संपला, आईचा चालू झाला. ग्रामीण घरकुलात बेघर नाहीतर कच्च्या घरात राहणारं कुटुंब बघतात. कोकणात इथे बरेच जण फसतात, चिऱ्याचं घर कितीही जुनं पडकं असलं तरी भिंत चुन्या-सिमेंटात बांधलेली आणि वर मंगलोरी कौल म्हणजे सरकारच्या हिशोबी पक्कं, कारण मशीनचं कौल पक्क्यात धरतात. हाताने केलेले नळे आणि मातीची भिंत असेल तर कच्चं. तुमच्या आईचं घर सरळ कच्च्यात बसतं. काकांचं घर शेजारी असलं तरी चूल वेगळी म्हणजे कुटुंब वेगळं, रेशनकार्ड पण वेगळं असेल तर उत्तम.

आईचं नाव सर्व्हेत आलंय का ते ग्रामपंचायतीत यादीत बघा, नसेल तर ग्रामसभेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ग्रामसभेने दाद नाही दिली तर वर जिल्ह्याला अपील समिती असते. मंजूर झालं तर १.२० लाख हप्त्याहप्त्याने आईच्या खात्यात, शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि संडासाचे १२ हजार वेगळे. घर कमीत कमी २५ चौरस मीटर, म्हणजे २७० चौरस फुटाच्या आसपास. चिरा, वाळू, गवंडी यांचे आजचे रेट बघता पदरचे घालावे लागणारच, ते आधीच धरून चाला. जागेचं पण बघा, सातबारावर काका आणि भाऊ असतील तर त्यांची संमती लागेल. खरं तर आमच्या टेबलाला निम्मी घरकुलं इथेच अडायची, सातबारावर चाळीस नावं, त्यातली पंधरा मुंबईत आणि पाच वर.

एक विचारतो, तुमचं रेशनकार्ड कुठे आहे?

सुरंगी:
अजून रत्नागिरीच्याच कार्डात नाव आहे माझं.

माजी_ऑपरेटर:
ठीक. पण म्हणून आईच्या अर्जात मी इथे राहतच नाही असं काही लिहून देऊ नका. विचारलं तर सरळ सांगायचं, मुलगी नवऱ्यापासून वेगळी होऊन आईकडे राहते, फ्लॅट नवऱ्याच्या ताब्यात आहे. वाडीत सगळ्यांना माहीतच आहे, खोटं लिहिलं तर कोणीतरी तक्रार ठोकणार आणि आईचा पहिला हप्ता मिळाल्यावर वसुली लागली तर जड जाईल.

काळा_कोट_सफेद_बॅंड:
रत्नागिरीत वकिली करते. घरकुलाचं वर आलंय, मी फक्त सहीबद्दल बोलते. ताई, हक्कसोडपत्राने तुमची मालकी जाते, कर्ज जात नाही. लोन अॅग्रीमेंटवर तुम्ही सहकर्जदार आहात ते तसंच राहणार. नवऱ्याने उद्या हप्ते थांबवले तर बँक तुमच्या मागे पण येईल, आणि तेव्हा तुमच्याकडे विकायला फ्लॅटमधला हिस्सा पण नसेल. बँक तुम्हाला तेव्हाच मोकळं करते जेव्हा एकट्या नवऱ्याचा पगार त्या कर्जाला पुरतोय असं तिला पटतं आणि ती तसं लेखी देते. ते पत्र आणि तुमच्या हिश्श्याचे पैसे, दोन्ही टेबलावर आल्याशिवाय पेन हातात घेऊ नका. रजिस्टर झालेलं हक्कसोडपत्र मागाहून फिरवायचं तर कोर्टात दावा लावावा लागतो आणि तो वर्षानुवर्षं चालतो.

दुसरं, तुम्हाला राहायला घर हवंय ना, ते देण्याची जबाबदारी सरकारच्या आधी नवऱ्याची आहे. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा फक्त मारहाणीचा नाही, बायकोला घराबाहेर ठेवणं, पैशाची कोंडी करणं हे पण त्यात येतं. कलम १९ खाली कोर्ट तुम्हाला त्याच फ्लॅटमध्ये परत राहायला देऊ शकतं, नाहीतर तशाच दर्जाची दुसरी जागा किंवा तिचं भाडं द्यायला लावू शकतं. आणि ह्यासाठी रत्नागिरीला खेपा नकोत, तुम्ही सध्या राहता तिथल्या म्हणजे मालवणच्या कोर्टात अर्ज चालतो. फ्लॅटच्या वाटपाचा दावा मात्र फ्लॅट जिथे तिथेच. वकिलाची फी नसेल तर कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीत जा, बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. डाऊन पेमेंटला तुमचे काही पैसे गेले होते का? कागद आहे काही?

सुरंगी:
माझ्या पाटल्या मोडल्या होत्या, सोनाराची पावती आईच्या ट्रंकेत असणार. कर्ज जात नाही हे मला कोणी सांगितलंच नव्हतं हो. मला वाटलं सही केली की बँकेचे मेसेज पण बंद.

भाई_७७:
लोनचं माझ्या डोक्यात आलं नाही, मान्य. आमच्या वाडीतल्याचं वडिलोपार्जित घर होतं, त्याच्यावर कर्ज नव्हतं. सॉरी ताई.

आक्का_तारकर्ली:
भाई, आता कसो बरोबर बोललास.

सुरंगी:
चार दिवसांनी लिहितेय. सहीला गेले नाही. नवऱ्याला मेसेज केला की आधी बँकेचं पत्र दाखव, त्यावर फोन करून खूप बोलला, मी उचलून नुसतं ऐकलं. सोमवारी मालवण कोर्टात विधी सेवावाल्यांकडे जातेय, पाटल्यांची पावती मिळाली. ग्रामपंचायतीच्या यादीत आईचं नाव नव्हतंच, अर्ज दिलाय, पोच घेतली, आधी देत नव्हते पण मी बसून राहिले. काका संमती देतो म्हणाले, काकी अजून काही बोललेली नाही. ट्रंकेत आईचं रोजगार हमीचं जॉबकार्ड पण सापडलं पण उंदरांनी एक कोपरा खाल्लाय, चालेल का?

माजी_ऑपरेटर:
नंबर वाचता येतोय ना? मग चालेल, रोजगार सेवकाकडून दुसरी प्रत काढून घ्या. आणि काकींची सही पावसाच्या आधी घ्या, चतुर्थीला सगळे मुंबईकर आले की परत नवीन चर्चा सुरू होते.