‘ट्रॅफिक काल्मिंग’ला मराठीत काय म्हणायचं? (‘गतिरोधक’ सोडून सांगा)

आमच्या गल्लीत शाळा आहे, कोपऱ्यावर भाजीवाले बसतात आणि मेन रोडचा सिग्नल चुकवायला सगळे टू व्हीलरवाले इथूनच सुसाट जातात. चार सोसायट्यांनी मिळून वॉर्ड ऑफिसला निवेदन द्यायचं ठरलं आणि मराठी बरं म्हणून लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मागण्या म्हणजे कोपऱ्यावर फुटपाथ थोडा पुढे काढा म्हणजे म्हाताऱ्यांना कमी अंतर ओलांडावं लागेल, झेब्रा क्रॉसिंग फुटपाथच्या लेव्हलला उचलून घ्या, गाड्यांची जागा जरा अरुंद करा, सायकलला पट्टा द्या वगैरे. या सगळ्याला मिळून इंग्रजीत तो एक शब्द आहे. मी वर ‘वाहतूक शांतीकरण’ लिहिलं तर मीटिंगमध्ये एक काका म्हणाले, गुरुजी सांगितलेत का? वास्तुशांत, उदकशांत, आता ही वाहतूकशांत! शब्द तिथेच बाद. मग ‘गतिरोधक व इतर उपाय’ केलं, तर ‘इतर उपाय’ कुणी वाचलंच नाही, तासभर भांडण फक्त कुणाच्या गेटसमोर स्पीडब्रेकर घालायचा यावर. आणि ‘बाईक लेन’ ऐकून एका काकूंनी विचारलं, बाईकवाल्यांना अजून वेगळी लेन कशाला देताय? बरोबरच आहे त्यांचं, आपल्याकडे बाईक म्हणजे मोटारसायकल, तिथे सरळ सायकलच लिहायला हवं होतं.

प्रतिसाद: ‘वाहतूक शमन’ कसं वाटतं? क्षोभ शमतो, तहान शमते, भारदस्त आहे आणि सरकारी कागदात शोभेल.

प्रतिसाद: शमन नको हो. अग्निशमनवाले आग विझवतात, थोडी कमी करून परत जात नाहीत. ‘वाहतूक शमन’ वाचून दुकानदारांना वाटेल रस्ताच बंद करताय. ‘संथ’ मला आवडतो पण तोही पेपरवाल्यांनी खराब केलाय, ‘घाटात वाहतूक संथगतीने’ म्हणजे दोन तास अडकलात असं समजायचं.

प्रतिसाद: मी जर्मनीत राहतो म्हणून सांगतो, इंग्रजी शब्द जर्मनवरूनच उचललेला आहे. इथे ‘फेअरकेअर्सबेरूइगुंग’ म्हणतात, त्यात ‘रूइश’ म्हणजे शांत, गप्प. म्हणजे शांतीवाले काका हसले तरी मूळ अर्थ तोच आहे. पण खरा सुंदर शब्द डच लोकांचा, ‘वोनएर्फ’, म्हणजे राहत्या घराचं आवार. डेल्फ्ट गावात लोकांनी गल्ल्या अशा करून घेतल्या की मुलं मधोमध खेळणार आणि गाडीने माणसाच्या चालीने जायचं, 1976 साली त्याला कायद्यात जागा मिळाली. आपल्याकडे ‘अंगण’ असताना आपण शब्द कसला शोधतोय? ‘अंगणरस्ता’ म्हणा.

प्रतिसाद: अंगणरस्ता गोड आहे पण निवेदनात घातला तर साहेब विचारतील रांगोळी कोण काढणार 😀

प्रतिसाद: ‘गतिरोधक’ या शब्दावरच माझा राग आहे, मी याच धंद्यातला. रोधक म्हणजे अडवणारा, आणि आपले ठेकेदार शब्दशः अडवणाराच बांधतात, हातभर रुंद आणि गुडघ्याएवढा उंच वाटेल असा. इंडियन रोड्स काँग्रेसने 1988 सालच्या मार्गदर्शिकेत गोल उंचवट्याचं माप दिलंय, गाडी जाते त्या दिशेने 3.7 मीटर लांब आणि मधे फक्त 10 सेंटिमीटर उंच, म्हणजे ताशी 25 किलोमीटरने गाडी आरामात पार व्हावी. थांबवायचं नाहीच आहे, नुसतं हळू करायचंय. कडेला पाणी जायला फट ठेवतात आणि सगळ्या दुचाक्या नेमक्या त्या फटीतून, म्हणजे चालणाऱ्याच्या अंगावरून. बाकी जगात याला नावं मजेशीर आहेत, इंग्लंडमध्ये ‘झोपलेला पोलीस’, रशियनमध्ये ‘आडवा पडलेला पोलीस’, फ्रेंचमध्ये ‘गाढवाची पाठ’. आपल्याकडच्यांना उंटाची पाठ म्हणायला हरकत नाही. आणि ते बारीक बारीक पट्टे असतात त्यांना आमच्या साईटवर ‘रंबलर’ म्हणतात, कुणी मराठी करू नका, छान रुळलाय.

प्रतिसाद: इतकं लांब कशाला जाताय, शब्द आपल्या रस्त्यावर पाटीवरच आहे की. ‘पुढे शाळा आहे, वाहने सावकाश हाका.’ हाका हा बैलगाडीच्या काळातला, तो राहू दे, पण सावकाश बघा. स अधिक अवकाश, म्हणजे जागा आणि सवड असलेला. तुमच्या मागण्या तरी दुसरं काय आहेत, गाडीची थोडी जागा काढून चालणाऱ्याला द्यायची, की वेग आपोआप उतरतो. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद केले तेव्हा तेच झालं, माणसं बाकावर बसायला लागली, तिथे कुणी ‘शमन’ म्हणत नाही. ‘सावकाश रस्ता’ लिहा, समासही नको काही.

प्रतिसाद: पण सावकाश म्हणजे आळशी पण ना? ‘ये सावकाश’ म्हणतो ते बरं, पण ‘काम सावकाश चाललंय’ म्हणजे टोमणा. पालिकेला सावकाश रस्ता मागितला तर तो बांधायलाच सावकाश घेतील.

मूळ पोस्टकर्त्याकडून: 😂 तो धोका कुठलाही शब्द घेतला तरी आहेच. ‘शाळेजवळचा रस्ता सावकाश करण्याबाबत’ असा विषय टाकलाय, काकांनीही मान डोलावली, आणि ‘गतिरोधक’ खाली चौथ्या मागणीत मापासकट गेलाय (मापं दिल्याबद्दल धंद्यातल्या दादांचे आभार). काकूंसाठी ‘सायकलींचा पट्टा’. ‘पायगाडी’ लिहायचा मोह झाला होता, आजोबा म्हणायचे, पण मुलांना कळलं नसतं. आता एकच अडलंय, रस्ता ओलांडताना मध्येच उभं राहायला जी जागा करतात ना, दुभाजकात तोडलेली, तिला काय म्हणू? ‘वाहतूक बेट’ म्हटलं की लोकांना कारंजं आणि पुतळा दिसतो.