मदत हवी आहे: जनरेटर चालू, पण कॅम्पर व्हॅनचा एसी उचलत नाही

मंडळी, टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर व्हॅन करून घेतली आहे. मागे बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात २.५ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर, आत एक टनाचा साधा (नॉन-इन्व्हर्टर) स्प्लिट एसी, छोटा फ्रिज आणि पंखे. घरच्या लाइनवर सगळं व्यवस्थित चालतं. जनरेटरवर मात्र एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना इंजिनाचा आवाज एकदम घोगरा होतो, मीटरवर व्होल्टेज २३० वरून १७० पर्यंत पडतं आणि ओव्हरलोडचा लाल दिवा लागतो. इंजिन चालूच, सप्लाय बंद! फ्रिज बंद ठेवला तरी तेच.

पहाटेच्या गारव्यात एसी उचलतो. दुपारी सोलापूरचं ऊन चाळिशीपार गेलं की अजिबात नाही. एअर फिल्टर साफ आहे, प्लग नवा, ऑइल बरोबर. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, म्हणून माझा संशय कपॅसिटरवर (कॉम्प्रेसरला सुरू व्हायला मदत करणारा भाग) आहे. फिटर म्हणतो, मोठा जनरेटर घ्या. मला ते पटत नाही. वजन आणि पेट्रोल दोन्ही वाढणार.

सॉफ्ट स्टार्टर (सुरू होतानाचा करंटचा झटका कमी करणारं उपकरण) लावून भागेल का, की इन्व्हर्टर एसीच घ्यावा? आईला गाणगापूरला न्यायचंय, तिला ऊन अजिबात सोसत नाही. सोलापुरात या कामाचा जाणकार इलेक्ट्रिशियन कुणाच्या माहितीत असेल तर कृपया सांगा.