‘अ‍ॅनोमली’ला ‘विसंगती’ म्हणावे का?

प्रश्न : लेखापरीक्षणातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनावर मराठीत लिहिताना ‘अ‍ॅनोमली’साठी, म्हणजे बाकीच्यांहून वेगळी दिसणाऱ्या नोंदीसाठी, सर्रास ‘विसंगती’ वापरतात. हिशेबाच्या भाषेत ते बसते का?

प्रतिसाद १ : विसंगतीला दोन बाजू लागतात. रोकडवहीत एक आकडा, बँकेच्या उताऱ्यात दुसरा. खरेदी नोंदवहीत बिल आहे, जीएसटीआर-२बीमध्ये (पुरवठादारांच्या विवरणांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या उताऱ्यात) नाही. तिथे हा शब्द चपखल आहे. रोजकीर्द तपासणाऱ्या यंत्रापुढे मात्र एकच बाजू असते, वर्षभराच्या नोंदी. कोणती नोंद बाकीच्यांसारखी नाही एवढेच ते सांगते. ‘विसंगती’ वाचणारा चूक सापडली असेच धरून चालतो. मी ‘निराळी नोंद’ लिहीन.

प्रतिसाद २ : ‘निराळी’ चालेल, पण एका शब्दाने भागणार नाही. श्रेयर, सत्तारोव्ह, बोर्थ आदी संशोधकांनी २०१७ मध्ये ऑटोएन्कोडर (नोंदींची रीत स्वतः शिकणारे न्यूरल नेटवर्क) वापरून जे काम मांडले, त्यात दोन प्रकार वेगळे काढले आहेत. पहिल्यात नोंदीतला एखादा घटकच क्वचित आढळणारा असतो, जसे वर्षातून एकदाच वापरलेले खाते. अशा नोंदीला ‘विरळ नोंद’ म्हणावे. दुसऱ्यात घटक सगळे रोजचे, जोडी मात्र भलतीच :

घसारा खाते नावे ४८,०००
बँक खाते जमा ४८,०००

दोन्ही खाती नेहमीची. पण घसारा म्हणजे मालमत्तेची झीज, त्यात रोख बाहेर जात नाही. जमा बाजूला संचित घसारा किंवा ती मालमत्ता यायला हवी. ही ‘विजोड नोंद’. नुसती यादी चाळून ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून संशोधनाचा खरा कस इथे लागतो. विरळ नोंदींत ३१ मार्चच्या तरतुदी, दिवाळीचा बोनस असे रास्त व्यवहारच भरपूर निघतात.

प्रतिसाद ३ : त्याच यंत्रणेतला ‘पुनर्रचना-त्रुटी’ हा शब्दही बदलावा. ऑटोएन्कोडर नोंद आवळून लहान करतो आणि पुन्हा उभी करतो. मूळ नोंद आणि उभी केलेली नोंद यांच्यात जे उरते ते हे माप. अहवालात ‘त्रुटी जास्त’ असे छापले की हिशेबनीसाला ती खात्यातली त्रुटी वाटते. ‘तफावत’ तर नकोच, त्यात अपहाराचा वास येतो. ‘पुनर्रचनेतले अंतर’ पुरे.

प्रतिसाद ४ : उलट प्रकारालाही, म्हणजे चुकीची असूनही निराळी न दिसणाऱ्या नोंदीलाही, शब्द हवा. कारखान्यातल्या यंत्राच्या खरेदीचा हप्ता मालमत्तेऐवजी दर महिन्याला दुरुस्ती खात्यात खतावला, तर बारा नोंदी एकसारख्या होतात. ऑटोएन्कोडर त्यांनाच रीत समजतो, अंतर कमी येते आणि इशारा मिळत नाही. मी अशा चुकीला ‘मुरलेली चूक’ म्हणतो. ती पकडायची तर दुरुस्ती खात्यातल्या मोठ्या रकमांची बिले काढून वाचावीच लागतात.

प्रतिसाद ५ : बेनफर्डचा नियम रकमांचे पहिले अंक कोणत्या प्रमाणात यावेत ते सांगतो; त्यापासून रकमा ढळल्या तर त्यासाठी ‘विचलन’ ठेवा. रकमांचा पहिला अंक १ असण्याचे प्रमाण सुमारे ३०.१ टक्के, ९ असण्याचे ४.६. ही कसोटी रकमांच्या समूहाची आहे, एका नोंदीला लावता येत नाही. ठरावीक ५०० रुपये शुल्काच्या पावत्यांना तर मुळीच नाही. आणि चुकीच्या इशाऱ्याला ‘खोटा’ऐवजी ‘पोकळ इशारा’ म्हणा. ‘खोटा’ शब्द नोंदीलाच चिकटतो.