पडद्यावर भेटलेले तत्त्वज्ञान : आपले अनुभव लिहा

तत्त्वज्ञानातला एखादा प्रश्न आपल्याला ग्रंथाआधी चित्रपटात किंवा मालिकेत भेटला असेल, तर मुंबईकर वाचकांनी तो अनुभव येथे सविस्तर लिहावा. केवळ आवडत्या नावांची यादी नको.

मुलुंडहून :
वडील गेले तेव्हा नेत्रदानासाठी आम्ही पंखा बंद केला, त्यांच्या डोक्याखाली उशी सरकवली आणि मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवून डॉक्टरांची वाट पाहत बसलो. आईने विचारले, "म्हणजे हे अजून कुठेतरी बघत राहतील का?" कोणालाच उत्तर देता आले नाही. पुढे 2013 मध्ये प्रदर्शित झालेला 'शिप ऑफ थिसियस' पाहिला. त्यात एका अंध छायाचित्रकार तरुणीला प्रत्यारोपणाने दृष्टी मिळते आणि नेमकी तेव्हापासून तिची कला तिच्या हातून निसटू लागते. एकेक फळी बदलत गेलेले जहाज तेच राहते का, हा प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कने नोंदवलेला वाद मला तिच्यामुळे कळला. मात्र तिची कथा अवयव घेणाऱ्याच्या बाजूने विचारते, आणि आईचा प्रश्न देणाऱ्याच्या बाजूचा होता. शेवटी एकाच दात्याचे अवयव लाभलेली माणसे त्याने गुहेत केलेले चित्रण एकत्र पाहतात, तेव्हा कुठे दिग्दर्शक आनंद गांधी आईच्या प्रश्नापाशी येतात, असे मला वाटते.

गिरगावहून :
मी फौजदारी वकिली करते. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (2014) एका सफाई कामगाराच्या मृत्यूसाठी लोकशाहिराच्या गाण्याला जबाबदार धरले जाते, आणि साक्षीतून कळते की गटारातून झुरळ बाहेर आले तरच आत श्वास घेता येईल, असे तो कामगार ठरवत असे. कारण कशाला म्हणावे, हा न्यायदर्शनाचा, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेचा, जुना विषय आहे. माती वाहून आणणारे गाढव घटाच्या आधी हजर असते, तरी नैयायिक (न्यायदर्शनाचे अभ्यासक) त्याला घटाचे कारण मानत नाहीत, कारण त्याच्याशिवायही घट घडू शकतो. त्या खटल्यात गाण्याची जागा याहून वेगळी नाही.

दादरहून :
'द गुड प्लेस' या मालिकेत ट्रॉलीचा पेच प्रत्यक्ष घडवून दाखवला आहे : भरधाव गाडी पाच जणांवर जाऊ द्यायची, की ती दुसऱ्या रुळावर वळवून एकाचा जीव घ्यायचा? तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी 1967 मध्ये तो मांडताना निर्णय चालकाच्या हाती दिला होता. माझा भाऊ लोकलचा मोटरमन आहे. तो म्हणाला, "आमच्या हाती ब्रेक आणि हॉर्न. रूळ बदलणारा सांधा केबिनवाल्याकडे असतो." तत्त्वज्ञ ज्युडिथ थॉमसन यांनी पुढे याच पेचात रुळालगतच्या तिऱ्हाइताच्या हाती सांधा का दिला असेल, हे मला त्याच्या बोलण्यावरून उमगले.