मदत हवी आहे: डी७२०० वरून डी७५०० ला जावं का?

माझ्याकडे निकॉन डी७२०० कॅमेरा आहे, २०१५ चं मॉडेल, आणि आता वापरलेला डी७५०० चांगल्या अवस्थेत मिळतोय. काम मुख्यतः पक्ष्यांच्या फोटोंचं, २००-५०० मिमी लेन्सवर. अडचण बफरची (फोटो कार्डवर लिहिले जाईपर्यंत धरून ठेवणारी कॅमेऱ्यातली मेमरी), १४ बिट रॉमध्ये (सेन्सरचा सगळा डेटा ठेवणारी मोठी फाइल) सलग १८ फ्रेम झाल्या की कॅमेरा अडखळतो आणि नेमका तेव्हाच खंड्या पाण्यातून मासा घेऊन वर येतो! डी७५०० मध्ये ५० फ्रेम आणि सेकंदाला ८, हे मोह पाडतंय. १२ बिटवर (फाइल लहान होते) टाकून पाहिलं, फास्ट कार्ड घेतलं, थोडा फरक पडला पण पुरेसा नाही. नेटवरच्या दोन्ही कॅमेऱ्यांच्या रॉ फाइल्स (डी७२०० च्या २४ आणि डी७५०० च्या २०.९ मेगापिक्सेल) एकाच साइजला आणून बघितल्या तर कमी उजेडात लागणाऱ्या आयएसओ ६४०० ला मला तरी फारसा फरक दिसला नाही. खटकतंय ते दुसरं, डी७५०० ला कार्ड स्लॉट एकच (माझं एक कार्ड मागे करप्ट झालेलं, दुसऱ्या स्लॉटने वाचवलं) आणि जुन्या मॅन्युअल एआय लेन्सवर (निकॉनच्या हाताने फोकस करायच्या जुन्या लेन्स) मीटरिंग, म्हणजे कॅमेऱ्याने उजेड मोजणं, नाही. मिररलेस (आत आरसा नसलेले नवे कॅमेरे) सुचवू नका प्लीज, लेन्स बदलायच्या नाहीत, व्हिडिओही करत नाही. ज्यांनी दोन्ही वापरलेत त्यांनी सांगा, फोकस पॉइंट दोन्हीकडे ५१ च आहेत तर उडत्या पक्ष्यावर डी७५०० चा फोकस खरंच जास्त टिकतो, की फायदा फक्त बफरचाच?